मधपेटीची तपासणी

मधपेटीची तपासणी म्हणजे पाळीव मधमाश्यांच्या वसाहतीची स्थिती जाणून घेण्यासाठी पेटी उघडून तिच्यातील चौकटी ठरावीक काळाने पाहणे होय. नवोदित मधपाळाने वसाहतीच्या वाढीच्या हंगामात साधारणपणे दर ७ ते १० दिवसांनी तपासणी करणे योग्य मानले जाते. इतर काळात हे अंतर वाढवले जाते.

पार्श्वभूमी

पोळे न मोडता वसाहत आतून पाहणे सुट्या चौकटींच्या पेटीमुळे सुलभ झाले. अशा पेटीचे पेटंट लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांना अमेरिकेत १८५२ मध्ये मिळाले. मधमाश्या मेणाने बुजवत नाहीत एवढी मोकळी जागा चौकटींभोवती ठेवणे, हे तिचे मुख्य तत्त्व आहे.

तपासणीतील अंतर

हे अंतर राणीमाशीच्या वाढीच्या काळावरून ठरते. युरोपीय मधमाशीच्या अंड्यातून ३ दिवसांनी अळी बाहेर पडते. राणी होणाऱ्या अळीचे घर अंडे घातल्यापासून सुमारे ८ दिवसांनी मेणाने बंद केले जाते आणि १६व्या दिवसाच्या सुमारास नवी राणी बाहेर येते. घर बंद झाल्यावर, हवामान अनुकूल असल्यास, जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांसह पेटी सोडते. तपासणी लांबल्यास ही पूर्वतयारी मधपाळाच्या लक्षात येत नाही व वसाहत दुबळी होते.

प्रत्येक वेळी राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घरांच्या तळाशी अंडी आढळल्यास गेल्या ३ दिवसांत राणी पेटीत होती, असा निष्कर्ष काढता येतो.

अतितपासणीचे परिणाम

अंडी व अळ्या असलेल्या भागाचे तापमान माश्या सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात. पेटी उघडल्यावर ते बिघडते आणि पूर्ववत करण्यासाठी माश्यांचे श्रम व मध खर्च होतो. चौकटी हाताळताना राणी चिरडण्याचाही धोका असतो. भारतीय सातेरी मधमाश्या वारंवार त्रास झाल्यास पेटी कायमची सोडून जाऊ शकतात. त्यामुळे नव्याने पेटीत भरलेल्या वसाहतीस पहिला आठवडाभर, आवश्यक खाद्य देण्यापलीकडे, शक्यतो हाताळले जात नाही.

ऋतुमान

सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या भागात पावसाळा हा माश्यांसाठी टंचाईचा काळ असतो. या काळात चौकटी बाहेर काढणे टाळून साखरेचा पाक देणे व तळपाट स्वच्छ करणे यांवर भर दिला जातो. तळपाटावर साचलेल्या मेणाच्या कचऱ्यात मेणकिडा वाढतो. त्याचा उपद्रव दुबळ्या वसाहतींना अधिक होतो.

पेटी न उघडताही प्रवेशद्वारावरून काही अंदाज बांधता येतात. पायांना पराग लावून येणाऱ्या माश्या हे सामान्यतः आत अळ्यांचे संगोपन चालू असल्याचे लक्षण मानले जाते. दारापाशी मेलेल्या माश्यांचा खच दिसल्यास मात्र ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता तपासणी केली जाते.