कवटी न उघडतां मेंदूपर्यंत

मालेगांवांत यंत्रमागांचा खडखडाट बंद दारांआडूनहि ऐकूं येतो. भिंत ध्वनीला पुरती अडवीत नाहीं. परंतु मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २०,००० पर्यंतचींच कंपनें कळतात. त्यापलीकडचा ध्वनि त्याच्यापुरता मुका. याच मुक्या ध्वनीला कवटीच्या भिंतीपलीकडे धाडून मेंदूस चेतना देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१८८० सालीं प्येर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंना आढळलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युत् उत्पन्न होते. विद्युत् दिल्यास तेच स्फटिक कंप पावतात, हेंहि लवकरच सिद्ध झालें. पहिल्या महायुद्धांत लांझव्हँ यांनीं हा गुण पाणबुड्या हुडकण्याकडे लाविला. तेव्हां त्या लहरींनीं मासे मरतात असें दिसलें. १९२९ सालीं अमेरिकेंत हार्वे यांनीं मात्र बेडूक व कासव यांचे स्नायु याच लहरींनीं चेतवून दाखविले. जी शक्ति मारक, तीच चेतकहि! भारतांतहि १९३५-३६ च्या सुमारास रामन व नागेंद्र नाथ यांनीं अशा लहरींतून जाणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाची उपपत्ति मांडली.

भिंगानें सूर्यकिरण एका बिंदूवर गोळा झाले म्हणजे कापूस पेटतो, वाटेंतली हवा मात्र पेटत नाहीं. ध्वनीचेंहि तसेंच. हे तत्त्व वापरून इलिनॉय विद्यापीठांतील फ्राय बंधु व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं मांजराच्या मेंदूंतील दृष्टीचें एक केंद्र कांहीं काळ निःशब्द केलें. पुढें तें पूर्ववत् झालें. परंतु त्यासाठीं कवटीचें हाड काढावें लागे, कारण हाड लहरी शोषून घेतें व त्यांची दिशाहि बिघडवितें.

ही अडचण पुढें शिरस्त्राणासारख्या यंत्रानें दूर झाली. त्यांतील १०२४ उगमांपैकीं प्रत्येकाची लहर हाडाच्या जाडीप्रमाणें मागेंपुढें सोडतात, म्हणजे सर्व लहरी एकाच ठिकाणीं एकवटतात. २०१६ सालीं अमेरिकन सरकारनें हातांच्या कंपविकारावर या उपायास मान्यता दिली. तथापि तेथें मेंदूचा सूक्ष्म भाग जाळावयाचा असतो. चेतविण्यास फार सौम्य लहरी लागतात. २०१० सालीं टायलर यांच्या सहकाऱ्यांनीं जिवंत उंदरांचा मेंदु कवटीवरूनच चेतविला. २०१४ सालीं मनुष्यांवरील प्रयोगांत स्पर्शांतील सूक्ष्म भेद ओळखण्याची शक्ति वाढलेली आढळली.

येथें विजयाचा नगारा वाजला असता. पण २०१८ सालीं दोन प्रयोगशाळांनीं वेगळीच शंका काढली. उंदीर व गिनीपिग यांचा मेंदु लहरींनीं थेट जागा होतो, कीं लहरींचे ठोके कानाच्या वाटेनें ऐकून? प्राण्यांची श्रवणशक्ति नाहींशी करतांच परिणाम बहुतांशीं ओसरला. ज्याला मुका म्हटलें, तो ध्वनि ऐकूं येत होता! मात्र एवढ्यानें सारी विद्या खोटी ठरली नाहीं. तेव्हांपासून दक्ष संशोधक दुसरा आवाज ऐकवून किंवा लटका प्रयोग करून कानाची साक्ष वेगळी काढतात. नैराश्य, वेदना, अपस्मार यांनीं पिडलेल्यांना शस्त्रावांचून आराम पडावा ही आशा थोर आहे; म्हणूनच तिच्यापायीं पुराव्याची कसोटी ढिली करून चालावयाचें नाहीं.