मेड इन जपान
डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा १९७२चा दुहेरी लाइव्ह अल्बम. त्या वर्षी १५ ते १७ ऑगस्टला ओसाका व टोकियोत झालेल्या मैफलींचे हे ध्वनिमुद्रण मुळात फक्त जपानी बाजारासाठी होते. स्टुडिओत साडेचार मिनिटांत संपणारे ‘स्पेस ट्रकिन’ इथे जवळजवळ वीस मिनिटे फुलत जाते. रिची ब्लॅकमोरची गिटार आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन यांची जुगलबंदी इतकी रंगलेली अन्यत्र क्वचितच ऐकू येते. पुढच्याच वर्षी गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर बाहेर पडले. १९६८ला स्थापन झालेला हा बँड १९७६मध्ये फुटला आणि १९८४मध्ये या अल्बमवरच्याच पाच जणांनी तो पुन्हा उभा केला. सगळ्या संचांत कायम राहिला तो एकटा ड्रमवादक इयन पेस.