किल्ल्यातला बँड

जुन्या बँडांचा शोध घेणाऱ्या हौशी माणसांना सध्या बरे दिवस आले आहेत. ‘सिमला बीट’ या रॉक बँडांच्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ सालच्या रेकॉर्डी आता मौल्यवान ठरल्या आहेत, आणि त्यांवर वाजवणारी पोरं पुढे कुठे गेली याची चौकशी आस्थेनं होते. ही चौकशी मला मनापासून आवडते. पण मद्रासपुरतं बोलायचं तर ती साठच्या दशकापाशी थांबते, आणि तिथेच ती तोकडी पडते. या शहरातला विसरला गेलेला एक बँड दोनशे वर्षांहून जुना आहे. त्याची रेकॉर्ड निघणं शक्यच नव्हतं. त्याच्या वादकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. तरीही त्यानं वाजवलेल्या चाली चेन्नईतली लहान मुलं आजही गातात, आणि त्या संस्कृतात गातात.

हा बँड सेंट जॉर्ज किल्ल्यातला. ईस्ट इंडिया कंपनीनं समुद्रकाठी बांधलेल्या या किल्ल्यात आज तमिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला तिथे गोऱ्या पलटणी होत्या. त्यांत इंग्रज होतेच, पण स्कॉटिश आणि आयरिश शिपायांचा भरणाही मोठा होता. पलटणीबरोबर बासऱ्या, ढोल, क्लॅरिनेट, शिंगं असा सरंजाम यायचा, आणि फिडल वाजवणारेही असायचे. सकाळी कवायतीला मार्च, रात्री मेजवानीला आणि नाचाला रील. म्हणजे या बँडजवळचा बराच माल दरबारी नव्हता, लोकसंगीताचा होता. आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या गावांत लोक ज्यावर नाचत, त्या चाली जहाजांतून इथे उतरल्या होत्या.

त्या ऐकायला कोण आलं, इथून खरी गोष्ट सुरू होते. मद्रासच्या उत्तरेला मणली नावाचं गाव होतं. आज तिथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत. तिथले मुत्तुकृष्ण मुदलियार कंपनीचे दुभाषी आणि गाण्याचे मोठे आश्रयदाते. त्यांनी तिरुवारूरच्या रामस्वामी दीक्षितांना कुटुंबासह मणलीला आणून ठेवलं. मुदलियारांचा मुलगा चिन्नय्या दीक्षितांच्या मुलांना किल्ल्यातला बँड ऐकायला नेत असे. त्या मुलांतला थोरला मुत्तुस्वामी, जन्म १७७५. त्यागराज आणि श्यामा शास्त्री यांच्या बरोबरीनं ज्यांना कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीत मान आहे, तेच हे मुत्तुस्वामी दीक्षित.

या ऐकण्यातून दीक्षितांनी चाळीसच्या आसपास छोट्या रचना केल्या. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. चाली बँडच्या, शब्द संस्कृत, आणि विषय देवदेवतांचे: गणपती, मीनाक्षी, राम, सुब्रह्मण्य. सगळ्या रचना शंकराभरणाच्या स्वरांत आहेत, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या शुद्ध स्वरांत. ‘गॉड सेव्ह द किंग’ १७४० च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालं. त्या चालीवर दीक्षितांनी ‘सन्ततं पाहि माम्’ बांधलं. जी चाल राजाला सलामी द्यायला वाजत होती, ती त्यांनी संगीतश्यामला देवीच्या पायाशी ठेवली. ‘वन्दे मीनाक्षी’ची चाल ‘लिमरिक’ या आयरिश गाण्याची. मुलांना अगदी सुरुवातीला शिकवतात ते ‘शक्तिसहितगणपतिम्’ एका फ्रेंच नाचगाण्यावर बेतलेलं आहे, असं अभ्यासकांचं मत आहे.

परक्या चालीवर आपले शब्द बसवणं मराठी माणसाला नवं नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, त्यातली कितीतरी पदं कर्नाटकातून आणलेल्या चालींवर होती. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल छापायची आपली रीतच आहे. पण आपल्या गायकनटांनी आलेल्या चालीला आपलं करून टाकलं. आलाप-तानांनी ती फुलवली, मुरवली, शेवटी मूळ चाल फक्त पुस्तकातल्या त्या ओळीत उरली. दीक्षितांनी याच्या नेमकं उलट केलं, आणि नोट्टुस्वरांचं मोल मला इथेच दिसतं. शंकराभरणात गमकांशिवाय, म्हणजे सुरांना हेलकावे दिल्याशिवाय, पाऊल पडत नाही. हा राग त्यांच्या हातात किती खोल जातो हे त्यांचं ‘अक्षयलिङ्ग विभो’ ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. इतका अधिकार असलेल्या माणसानं बँडच्या चालीला एकही गमक लावलं नाही. सूर सरळ ठेवले, उड्या जिथे होत्या तिथेच ठेवल्या, नाचाचा ठेका मोडला नाही. शब्दही असे निवडले की लघुगुरू त्या ठेक्यावर नेमके पडतात. पाहुण्याचा स्वभाव ओळखून त्याला तसाच घरात घेतला.

याच काळात कलकत्त्यात उलटा प्रयोग चालला होता. विल्यम हॅमिल्टन बर्ड यांनी १७८९ मध्ये हिंदुस्थानी गाण्यांचा संग्रह हार्प्सिकॉर्डसाठी छापला. मैफलीत ऐकलेली गाणी पाश्चात्त्य पट्टीच्या वाद्यावर आणायची, तर ती त्या वाद्याच्या मापात कापावी लागली. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की दीक्षितांचा कान किती तयार होता ते कळतं.

मुत्तुस्वामींच्या धाकट्या भावानं, बाळुस्वामीनं, वेगळी वाट धरली. मुदलियारांनी त्याच्यासाठी युरोपियन शिक्षक ठेवला आणि तो व्हायोलिन शिकला. मग त्यानं ते कर्नाटक संगीताला जुळवून घेतलं. खाली बसून, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून, तारा सा-प-सा-प अशा लावून. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल उभी राहत नाही. त्याची मुळं शोधायला गेलं तर ती मणलीला आणि किल्ल्यातल्या वादकांपर्यंत पोचतात.

यात तंजावरच्या मराठ्यांचाही धागा आहे. सरफोजी राजे, दुसरे, जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले आणि गादीवर येण्याआधी १७९० च्या दशकात मद्रासला राहिले. पुढे त्यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता. त्यांनी जमवलेली पाश्चात्त्य स्वरलिपीतली बाडं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि त्यांची मराठी नृत्यपदंही तिथेच आहेत. त्यांचे कारभारी वराहप्पय्यर व्हायोलिन वाजवत. दीक्षितांचे शिष्य असलेले चौघे भाऊ, ज्यांना तंजावर चौकडी म्हणतात, याच दरबारात वाढले. त्यांतल्या वडिवेलूला त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं.

दीक्षित १८३५ मध्ये एट्टयपुरमला वारले. त्यांच्या रचना छापून निघाल्या त्या चिन्नस्वामी मुदलियार यांच्या आग्रहामुळे. हे गृहस्थ मद्रासला कर्नाटक रचना पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवत होते. त्यांनी दीक्षित घराण्यातल्या सुब्बराम दीक्षितांना गळ घातली, आणि १९०४ मध्ये ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. नोट्टुस्वर मात्र सुब्बरामांच्या १९०५ च्या नवशिक्यांसाठीच्या पुस्तकात आले. त्यामुळे ते मुलांचे धडे म्हणूनच ओळखले गेले, आणि मोठे गायक त्यांच्याकडे फारसे वळले नाहीत. हा अन्याय आहे असं मला वाटतं. सोपं गाणं बांधणं सोपं नसतं.

मूळचे चेन्नईचे आणि आता अमेरिकेत सिनसिनाटीला असलेले संगीतकार कन्निकेश्वरन यांनी या चालींची मुळं चिकाटीनं शोधली. २००८ मध्ये त्यांनी ‘विस्मय’ हा अल्बम काढला. त्यात नोट्टुस्वर पाश्चात्त्य वाद्यांच्या साथीनं गायले आहेत. आपल्याकडे, पुण्यात किंवा मुंबईत, याच्या पुढचं पाऊल टाकता येईल. एखाद्या संध्याकाळी मूळ आयरिश चाल फिडलवर वाजवावी, मग तिचा नोट्टुस्वर गावा, आणि त्याच बैठकीत सरफोजी राजांची मराठी पदं आणि तंजावरच्या बाडांतल्या चाली घ्याव्यात. साहित्य सगळं तयार आहे. गाणारे आणि फिडल वाजवणारे तेवढे एकत्र यायला हवेत.