घायपात : कुंपणापासून कुंडीपर्यंत

आमच्या जुन्या घराच्या अंगणात, तुळशीवृंदावनापासून हात राखून, पिवळ्या कडांच्या पानांचे घायपाताचे झाड मोठ्या कुंडीत असे. ते आपल्याच मातीतले, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. वस्तुतः ते आमच्या घराण्यापेक्षाही पुष्कळ लांबून आलेले!

त्याची मूळ भूमी मेक्सिको. तेथे त्याच्या पानांपासून सूत आणि छपरे, काट्यांपासून सुया, तर गाभ्यातील गोड रसापासून पुल्के नावाचे मद्य होई. होसे दे आकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकाने 1590 च्या आपल्या ग्रंथात या वृक्षाला आश्चर्यांचे झाड म्हणून गौरविले. सोळाव्या शतकातच ते युरोपात पोहोचले आणि पुढे धनिकांच्या उद्यानांतून कुंड्यांत मिरवू लागले. 1753 मध्ये लिनियसने त्यास 'अगेव्ह' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'थोर'. 1875 मध्ये अशाच एका सुबक, लहान जातीला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले.

आपल्याकडे मात्र हे थोर झाड राबले. लोहमार्गांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर ते कुंपण म्हणून उभे राहिले. मातंग समाजातील कारागिरांनी त्याच्या जातीच्या केकताडाचा वाख काढून दोर वळले. परक्या झाडाला घायपात, केकताड अशी घरची नावे लाभली.

कुंडीतले झाड सांभाळणे अवघड नाही. अति माया तेवढी आवरावी लागते. भोक असलेली मातीची कुंडी, निम्मी वाळू व बारीक खडी, दिवसभराचे ऊन, आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली न्यावी, कारण पाणी साचले की मूळ कुजते. पानांचा रस अंगाला लागल्यास आग होते. म्हणून कापताना हातमोजे घालावेत. मुलांचा वावर असेल तेथे काट्यांची टोके छाटावीत.

आमच्या हातून चूक झाली ती निराळीच. बुंध्याशी येणारी पिल्ले कुंडीची शोभा घालवितात, म्हणून आम्ही ती वर्षानुवर्षे उपटून टाकीत होतो. एका उन्हाळ्यात मधूनच दांडा निघाला आणि काही आठवड्यांत छपराच्या वर गेला. सारी आळी फुले पाहण्यास लोटली. शंभर वर्षांनी फुलते अशी याची ख्याती; प्रत्यक्षात बहुधा दहा ते तीस वर्षांत फुलते, आणि तेही एकदाच. साठविलेले सारे सत्त्व दांड्यात जाते व मूळ झाड वाळते. आमचेही वाळले. कुंडीत मागे काहीच उरले नव्हते.

सुदैवाने आईने पूर्वी एक पिल्लू लेकीच्या सासरी पाठविले होते. त्याच्या बुंध्याचे पिल्लू मागवून, जखम चार दिवस सावलीत सुकवून, आम्ही ते त्याच कुंडीत लावले. आता नवी पिल्ले आली की आम्ही ती वाटून टाकतो. दूर जाऊन रुजलेल्या घराण्यांना हे झाडाकडून शिकावे लागावे, याची थोडी लाज वाटते खरी; पण कुंडी पुन्हा भरली आहे.