पापणीची शस्त्रक्रिया आणि पुण्याचा कुंभार

पिंपरी-चिंचवडमधील सौंदर्यशस्त्रक्रिया केंद्रांच्या पाट्यांवर आज ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द वाचायला मिळतो. डोळ्यांचा आकार बदलणे, एक पापणी दुसरीच्या जोडीला आणणे, हे तिचे काम. जपानमध्ये मिकामो यांनी १८९६ मध्ये नोंदवलेली शस्त्रक्रिया अशीच होती : एका स्त्रीच्या एकाच पापणीला घडी नव्हती; ती त्यांनी रेशमी टाक्यांनी पाडली.

हा शब्द रूढ करण्याचे श्रेय मात्र बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेला दिले जाते. त्याच्यापुढे सौंदर्याचा नव्हे, नष्ट झालेली पापणी पुन्हा घडवण्याचा प्रश्न होता. याच ग्रेफेने १८१८ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यातील ‘भारतीय पद्धत’ युरोपला कळली ती पुण्यामुळे.

कावसजी हा इंग्रज फौजेचा बैल हाकणारा. (समकालीन वृत्तांत त्याला मराठा शेतकरी म्हणतो; नाव मात्र पारशी वळणाचे.) १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या कुंभार जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले.

पद्धत अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो कपाळावर पसरून भोवती रेघ आखायची आणि तेवढी त्वचा सोडवायची. दोन डोळ्यांमधली एक चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही. तिच्यातूनच रक्त वाहते. त्वचा खाली वळवून नाकाच्या कडांना जोडायची, वर पाण्यात कालवलेल्या काताची पट्टी. सुमारे २५ दिवसांनी ती दुवा असलेली पट्टी कापायची.

पापणीलाही हेच तत्त्व लागू पडते. हँबर्गच्या फ्रिकेने १८२९ मध्ये शेजारची त्वचा अशीच वळवून पापण्या घडवल्या.

या कुंभाराची कला थेट सुश्रुताकडून आली, हे विधान सावधपणे घ्यावे. सुश्रुतसंहितेत नाकासाठी त्वचा गालाची आहे, कपाळाची नव्हे. पापणीबाबत मात्र ती चकित करते : केस आत वळून डोळ्याला टोचत असतील, तर वरच्या पापणीची यवाच्या आकाराची त्वचा कापून केसाने शिवावे, असे तिथे सांगितले आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला. त्यात रुग्णाचे नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो आणि फिंडले या डॉक्टरांची आहेत, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही आहे. कुंभाराची फक्त जात आहे.