‘फरेबी जाल’ : दुर्गा खोटे यांच्या पहिल्या चित्रपटाचा पुनर्विचार

दुर्गा खोटे यांच्या चित्रपटजीवनाचा आरंभ प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटापासून सांगण्याचा प्रघात आहे. तारामतीच्या भूमिकेने त्यांना कीर्ती दिली, हे निर्विवाद होय. तथापि त्यांचा पडद्यावरील प्रवेश त्याआधीच, १९३१ मध्ये, ‘फरेबी जाल’ या चित्रपटातून झाला होता. आणि या चित्रपटाबद्दल त्यांना पश्चात्तापच करावा लागला. कलाकृती म्हणून त्याचे मूल्य नगण्य आहे. परंतु त्याच्या निर्मितीची हकीगत त्या संक्रमणकाळावर बराच प्रकाश टाकते.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि मूकपटांच्या निर्मात्यांपुढे पेच उभा राहिला. तयार झालेल्या मूकपटांची किंमत घसरू लागली. नवा बोलपट काढावा, तर यंत्रसामग्री व भांडवल हवे. अशा वेळी हाती असलेल्या मूकपटाला लहानसा बोलका भाग जोडणे हा कमी खर्चाचा मार्ग होता. मोहन भवनानी यांनी ‘फरेबी जाल’साठी तोच पत्करला. फारसी ‘फरेब’ आणि संस्कृत ‘जाल’ यांच्या संकरातून बनलेले हे नावच कपटकारस्थानाच्या सनसनाटी कथेचे आमिष दाखविणारे होते.

या बोलक्या भागासाठी नवी अभिनेत्री हवी होती. मूकपटात मुद्रा आणि हालचाल पुरेशी असे. आता स्वर, उच्चार आणि गाणे यांनाही महत्त्व आले. सुलोचना (रूबी मायर्स) यांच्यासारख्या लोकप्रिय नायिकेलाही हिंदुस्थानी शिकणे भाग पडले, यावरून या बदलाची तीव्रता ध्यानात येईल. शिवाय सुशिक्षित घराण्यांतील स्त्रियांना पडद्यावर आणण्याचा प्रयोग भवनानी यांना नवा नव्हता; त्यांच्या ‘वसंतसेना’ या मूकपटात कमलादेवी चट्टोपाध्याय व एनाक्षी रामराव यांनी कामे केली होती. जे. बी. एच. वाडिया यांनी प्रथम दुर्गाबाईंच्या भगिनी शालिनी यांना विचारले. त्यांनी नकार दिला आणि दुर्गाबाईंचे नाव सुचविले. सासरची आर्थिक स्थिती खालावलेली, पदरी दोन मुले. अर्थार्जनाची निकड असलेल्या दुर्गाबाईंनी होकार दिला.

त्यांचा भाग अवघा दहा मिनिटांचा होता. उर्वरित चित्रपटात काय आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. जाहिरातीत मात्र त्यांच्या अभिनयापेक्षा कुळाचाच डांगोरा पिटला गेला : प्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची कन्या आणि खोटे घराण्याची सून पडद्यावर येत आहे! चित्रपट हीन अभिरुचीचा निघाला आणि दोन्ही घराण्यांच्या नावावर टीकेचा भडिमार झाला. निर्मात्याने जे भांडवल म्हणून वापरले, तेच त्या स्त्रीच्या वाट्याला लांछन म्हणून आले. येथे ‘फरेब’ कथेपुरता उरला नाही.

प्रतिष्ठित घराण्यातील पहिली अभिनेत्री हे दुर्गाबाईंना लावले जाणारे विशेषण मात्र मर्यादेनेच स्वीकारले पाहिजे. १९१३ मध्ये फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके हे पुरुष नट, परंतु त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. दुर्गाबाई खोटे यांचे वेगळेपण ‘पहिली’ या शब्दात नसून, प्रतिष्ठेचा व्यापार झाल्यानंतरही त्या या क्षेत्रात टिकल्या, यात आहे.

‘फरेबी जाल’नंतर चित्रपटाविषयी त्यांच्या मनात तिटकारा निर्माण झाला होता. तरीही याच चित्रपटामुळे व्ही. शांताराम यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि प्रभातचे निमंत्रण आले. प्रारंभीच्या अनिच्छेनंतर त्यांनी ते स्वीकारले. पहिल्या वेळी कथा अज्ञात आणि घराणे जाहिरातीत होते. दुसऱ्या वेळी हरिश्चंद्राची कथा सर्वांना ज्ञात होती आणि लोकांपुढे भूमिका आली. साळुंके यांनी साकारलेली तारामती एकोणीस वर्षांनी दुर्गाबाईंच्या वाणीने बोलू लागली. पुढे ‘अमरज्योती’तील (१९३६) सौदामिनीपर्यंत त्यांनी मजल मारली. दादासाहेब फाळके पुरस्काराने गौरविलेल्या या अभिनेत्रीने ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात तो पहिला, अप्रिय प्रसंग वगळला नाही. चित्रपटेतिहासकारांनीही तो वगळू नये. कारण यशाच्या इतिहासात न दिसणारी किंमत अशा फसलेल्या चित्रपटांतच नोंदलेली असते.