मिस्टर बीनच्या ‘मिनी’ला ॲल्युमिनियमचा इंजिन ब्लॉक? जुन्या गाड्यांच्या शर्यतीतला वाद नेमका काय आहे?

मिस्टर बीनची पोपटी रंगाची, काळ्या बॉनेटची गाडी आठवते ना? दाराला बाहेरून कुलूप लावलेली? तीच ‘मिनी’. तशा गाड्या इंग्लंडमध्ये आजही रेस ट्रॅकवर धावतात आणि मोठमोठ्या गाड्यांना घाम फोडतात. या छोट्या गाड्यांच्या दुनियेत एक प्रश्न चर्चेत असतो. जुना, जड, बिडाचा इंजिन ब्लॉक काढून त्याजागी नवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक बसवला तर चालेल का? आणि तसं केल्यावर ती गाडी ‘जुनी’ राहते का?

हे प्रकरण काय आहे, सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी, ब्लॉक म्हणजे काय?

इंजिनाचा मुख्य सांगाडा म्हणजे सिलिंडर ब्लॉक. पिस्टन ज्या नळकांड्यांमध्ये वरखाली होतात ती यातच असतात. खाली क्रँकशाफ्ट, वर हेड आणि भिंतींच्या आत थंड पाणी फिरायला वाटा. जुन्या काळात हा ब्लॉक बहुतेक वेळा बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा ओतलेला असायचा. बीड स्वस्त, टणक आणि झिजायला चिवट. एकच दोष, वजन.

मिनीचं इंजिन खास का?

मिनी बाजारात आली १९५९ साली. पण तिचं ‘ए-सिरीज’ इंजिन त्याहून जुनं. ते १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० या गाडीत पहिल्यांदा आलं, तेव्हा ते ८०३ सीसीचं होतं. (आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरमध्ये याच घराण्यातलं मोठं भावंड, ‘बी-सिरीज’ इंजिन होतं.)

डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांनी मिनीत हे इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स थेट त्याच्या पोटाखाली घातला. त्यामुळे इवल्याशा गाडीत चार माणसं मावली. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना फिरवणारी यंत्रणा असं सगळं ओझं गाडीच्या नाकावर आलं.

तरीही गाडी जिंकत राहिली. मिनी कूपर एसने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा माँटे कार्लो रॅली मारली. १२७५ सीसीच्या कूपर एसची ताकद होती जेमतेम ७६ हॉर्सपॉवर!

मग ब्लॉक बदलायची गरज काय?

दोन कारणं आहेत.

पहिलं, वजन. एक लिटर मापाचं बीड साधारण ७.२ किलो भरतं, तेवढंच ॲल्युमिनियम २.७ किलो. पण म्हणून ब्लॉकचं वजन सरळ एक तृतीयांश होईल असं समजू नका. ॲल्युमिनियम बिडापेक्षा लवचीक असतं, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि बहुतेकदा सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह बसवावे लागतात. तरीही जी बचत होते ती नेमकी गाडीच्या नाकावर होते. वळणावर नाक हलकं असेल तर पुढच्या टायरवरचा ताण कमी होतो. सुमारे ६०० किलोच्या गाडीत काही किलोही मोजले जातात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जुने चांगले ब्लॉक संपत चाललेत. ताकद वाढवायची तर सिलिंडर आतून कोरून मोठे करतात, म्हणजे बोअर वाढवतात. कूपर एसचा मूळ बोअर ७०.६ मिमी. तो ७३.५ मिमी केला की त्याच स्ट्रोकवर इंजिन सुमारे १३८० सीसीचं होतं. पण त्यासाठी प्रत्येक भिंतीतून जवळपास दीड मिमी बीड कमी होतं. पातळ झालेली भिंत शर्यतीच्या ताणात तडकू शकते. तडकली की ब्लॉक बहुधा भंगारात. मूळ मिनीचं उत्पादन २००० साली थांबलं, त्यामुळे चांगल्या जुन्या ब्लॉकचा साठा घटतच जाणार.

म्हणून काही कारखाने नव्याने ओतलेले किंवा यंत्रावर घडवलेले ॲल्युमिनियम ब्लॉक विकतात. त्यात जुन्या ब्लॉकच्या कमजोर जागा मुळातच मजबूत करता येतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण उष्णतेची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं.

एक साधा हिशेब करू. क्रँकशाफ्ट पोलादाचा, त्याचा मुख्य बेअरिंगजवळचा व्यास सुमारे ५१ मिमी. इंजिन ८० अंशांनी तापलं तर ॲल्युमिनियमचं घर शाफ्टपेक्षा अंदाजे ०.०४ मिमी जास्त फुगतं. आकडा किरकोळ वाटतो ना? पण तिथली तेलाची फटच मुळात साधारण ०.०५ मिमीच्या आसपास असते. म्हणजे ती दुपटीच्या जवळ जाते आणि ऑइल प्रेशर घसरतं. बेअरिंगची कॅप पोलादी ठेवली तर हा फरक कमी होतो, पण जात नाही. म्हणून थंड असताना फट कमी ठेवावी लागते, आणि मग थंड इंजिन एकदम पळवणं धोक्याचं ठरतं.

हेच हेड गॅस्केट, स्लीव्ह आणि बोल्टच्या आट्यांनाही लागू होतं. जमेची बाजू अशी की ॲल्युमिनियम बिडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता बाहेर टाकतं. पण पाणी कमी पडलं तर ते माफ करत नाही, लगेच वाकतं.

याचा धडा इतिहासातच आहे. मिनीची प्रतिस्पर्धी ‘हिलमन इम्प’ १९६३ मध्ये आली ती कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं ८७५ सीसी इंजिन घेऊन. सुरुवातीच्या वर्षांत गरम होणं आणि गॅस्केट जाणं यासाठी ती बदनाम झाली. पण नीट तयार केलेल्या त्याच इंजिनाच्या जोरावर बिल मॅकगव्हर्न यांनी १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली. म्हणजे दोष फक्त धातूचा नव्हता. त्याला कसं सांभाळलं जातं, यावर बरंच अवलंबून होतं.

नियम काय सांगतात?

खरा वाद इथे आहे. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यतींसाठी एफआयएची ‘अपेंडिक्स के’ ही नियमावली आहे. तिचं मूळ तत्त्व सरळ आहे: गाडी ज्या काळातली म्हणून धावते, त्या काळात ती जशी होती तशीच हवी. नवा सुटा भाग चालतो, पण मूळ आराखड्याचा आणि मूळ प्रकारच्या धातूचा. कूपर एसचा मूळ ब्लॉक बिडाचा, त्यामुळे ॲल्युमिनियमचा ब्लॉक घातलेली गाडी त्या रांगेत बसत नाही.

जिथे इंजिनात बदल मोकळे असतात, अशा क्लबच्या शर्यती, हिल क्लाइंब किंवा ट्रॅक डे, तिथे मात्र तो चालू शकतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं पटण्यासारखं आहे. एक बाजू म्हणते, जुने ब्लॉक तडकवत राहण्यापेक्षा ते जपून ठेवा आणि शर्यतीला नवा वापरा. दुसरी म्हणते, आज ब्लॉक बदलला, उद्या हेड, परवा गिअरबॉक्स. मग जुनं म्हणून उरलं काय? आणि ज्याच्याकडे पैसा जास्त तोच जिंकणार असेल, तर बिडाच्या ब्लॉकवर मेहनत करणाऱ्याने काय करायचं?

थोडक्यात

ॲल्युमिनियमचा ब्लॉक म्हणजे आयता वेग नाही. ताकद अजूनही हेड, कॅमशाफ्ट आणि बांधणाऱ्याच्या हातातूनच येते. ब्लॉकमुळे मिळतं ते हलकं नाक, जाड भिंती आणि मूळ ब्लॉक वाचवण्याची सोय. त्याची किंमत पैशात आणि उष्णतेच्या हिशेबात तर मोजावी लागतेच, शिवाय काही शर्यतींचे दरवाजेही बंद होतात. त्यामुळे ‘कुठला ब्लॉक घेऊ?’ याआधी ‘गाडी कुठे पळवायची आहे?’ हे ठरवावं लागतं. आणि काहीही ठरलं तरी मूळ बिडाचा ब्लॉक भंगारात घालू नये. नवे ब्लॉक ओतता येतील, साठ वर्षांपूर्वीचा पुन्हा मिळणार नाही.